समोर बसून, साध्या शब्दांत

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. विनंती विशेष वगैरे तू गृहीत धर. दिवसभर पालिकेच्या ऑफिसात इतक्या विनंत्या लिहितो की घरी आल्यावर त्या शब्दाची शिसारी येते.

स्वेटर मिळाला. बाह्या एवढ्या लांब आहेत की आत आणखी एक वकील मावेल. अगं, मी वाढलो तो आडवा, उभा नाही! तरी रोज घालतो. ऑफिसातले विचारतात, नवा का? मी सांगतो, ताईने विणलाय, ती हॉस्पिटलात मेट्रन होती, तेव्हा चुका काढायच्या नाहीत.

इकडे सगळं नेहमीचंच. गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या जिन्याखाली माझं टेबल लागतं. लोक आपापले सरकारी कागद घेऊन येतात आणि मी त्यात काय म्हटलंय ते सांगतो. फुकट आहे, त्यामुळे गर्दी असते. परवा एक आजोबा आले आणि हातातला कागद माझ्यापुढे केला. वाचून पाहिलं, तर दारातल्या झाडाची फांदी कापू दिली म्हणून पालिकेने त्यांचे आभार मानले होते. आभाराचं पत्र, आणि बिचारा माणूस दोन दिवस जेवला नव्हता! लिहिलं कोणी, तर आमच्याच बागखात्याने. मी जाऊन त्यांना चांगलं झापलं. रविवारी पोरांच्या फुटबॉलचा पंच असतो. या रविवारी दोन्ही संघांनी एकमताने मला शिव्या घातल्या, म्हणजे निकाल बरोबर दिला असावा.

इथल्या तुझ्या जुन्या घराच्या गल्लीतल्या शिंपीकाकांना मागच्या महिन्यात छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली ती गल्लीच्या तोंडाशीच अडकली. दोन्ही बाजूंच्या घरांच्या पायऱ्या पुढे आलेल्या, गाडी जाणार कुठून? शेवटी तुझ्या भाडेकरूने, आपल्या घड्याळजीने, आणि शेजाऱ्यांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं आणि उचलून नेलं. आता बरे आहेत. दुकानात बसून गिऱ्हाइकांना खुर्चीची गोष्ट सांगतात, आणि दर वेळी खुर्ची जरा जास्त हलते. पण गल्लीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पालिकेत त्यावर बैठकही झाली.

ताई, तुझ्याशी एक बोलायचं आहे. घरासंबंधी आहे. लिहायला बसलो की पेन अडतं. तुला राग येईल याची भीती नाही, वाईट वाटेल याची आहे. पुढच्या पत्रात नक्की लिहितो.

तुझा
टिल्लू


१३ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. त्यातला एक तुझ्या पोटाला, की कमी हो.

अरे, जन्मभर पेशंटचं तोंड बघून दुखणं ओळखलं मी, तुझं अक्षर बघून नाही ओळखणार? पत्र सगळं ताठ आणि शेवटच्या चार ओळी उतरत्या. शाळेत गणितात नापास झालास तेव्हा प्रगतिपुस्तक असंच हळूच पुढे सरकवलं होतंस.

तू लिहू नकोस, मीच सांगते. यंदा तू निवृत्त होतोयस. एकटा जीव. पालिकेशी लग्न लावलंस आणि आता पालिका काडीमोड देणार. तेव्हा तुला इकडे माझ्याकडे राहायला यायचंय, आणि विचारायची लाज वाटतेय. 'घरासंबंधी' म्हणे! वेडा कुठला. बहिणीच्या घरी यायला अर्ज करतात का?

मागची खोली रिकामी करायला घेतलीय. शिवणाचं मशीन पुढच्या खोलीत आणलं, ट्रंका माळ्यावर टाकल्या. खिडकीतून हॉस्पिटलचं मैदान दिसतं. संध्याकाळी तिथे पोरं फुटबॉल खेळतात आणि पंच नसल्यामुळे भांडतात. तेव्हा शिट्टी घेऊन ये.

एक बोलू? हे गेले तेव्हा तू आलास, त्यानंतर नाही. दर वर्षी लिहितोस, सुट्टी मिळाली की येतो. घड्याळजी भाड्याबरोबर चिठ्ठी पाठवतो, त्यात तुझंच पुराण असतं. वकीलसाहेब याच्या घरी गेले, त्याच्या घरी बसले, म्हातारीला कागद वाचून दाखवला. मला अभिमान वाटतो रे. आणि थोडा जळफळाटही होतो, खोटं कशाला बोलू? माझं घर पण घरच आहे की.

घड्याळजीला सांग, पायऱ्या रोज धुऊन घेत जा. यांनी स्वतःच्या हातांनी बांधल्यात त्या. वीज मंडळातला माणूस, गवंडीकाम कशाला येतंय! मधली पायरी अजून तिरकी आहे. लग्न झाल्यावर आम्हाला दुसरं बसायला कुठे होतं? ड्यूटीवरून आले की आम्ही दोघं तिथेच बसायचो, अंधार पडेपर्यंत.

कधी येतोस ते कळव. गादी कशी लागते, मऊ की कडक?

तुझी
ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. खोलीची घाई करू नकोस गं. निवृत्तीला अजून अवकाश आहे, आणि मी काही त्याबद्दल लिहीत नव्हतो. म्हणजे, तुझ्याकडे यावंसं वाटत नाही असं नाही. पण विषय वेगळा आहे. सांगेन.

सध्या एका कामासाठी घरोघर फिरतोय. तुला आमचा भेटीचा नियम माहीत आहे ना? मी नोकरीला लागलो तेव्हा पालिका नोटिसा पाठवायची त्या अशा भाषेत, की लोक वाचायच्या आधी घाबरायचे आणि वाचल्यावर जास्त घाबरायचे. एका बाईंनी पाण्याच्या मीटरची नोटीस घर जप्तीची समजून सामान बांधलं होतं. दारात उभ्या होत्या, भांड्यांचं गाठोडं घेऊन. त्यानंतर मी सभेत भांड भांड भांडलो आणि नियम करून घेतला. घराला हात लावायची नोटीस द्यायची, तर आधी पालिकेच्या माणसाने घरमालकाकडे जायचं, समोर बसायचं, साध्या शब्दांत सांगायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं. तसं झालं नसेल तर नोटीस रद्द. सगळे हसले तेव्हा मला. म्हणाले, वकील आहात की पाहुणे? पण तेव्हापासून कोर्टात जाणारी भांडणं पार आटली.

परवा एका बाईंकडे गेलो. दार उघडल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू. पालिका चोर, मी चोरांचा वकील, माझ्या चपला बाहेर काढा, आत काढा. मी बसून राहिलो. शेवटी दमल्या, चहा टाकला, आणि म्हणाल्या, बरं, काय म्हणणं आहे तुमचं? सांगितलं. म्हणाल्या, एवढंच ना? मग आधी नाही का बोलायचं! आता यांना काय सांगू, की तुम्ही बोलू कुठे दिलंत?

सगळी घरं झाली. एक राहिलंय. तिथे जायचा धीर होत नाही. मुख्याधिकारीबाई रोज विचारतात. त्या तरुण आहेत, कामाला वाघ आहेत. मी सांगतो, तिथलं मी बघतो.

थंडी कमी झाली का तिकडे?

तुझा
टिल्लू


७ मार्च

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद.

थंडी गेली. खोलीला रंगही दिला, फिकट पिवळा. तू नको म्हणालास म्हणजे मनात हवं आहे, हे मला लहानपणापासून पाठ आहे. पलंगही सांगितलाय. दुकानदाराला म्हटलं, मजबूत दे बाबा, वकील आहे.

तू त्या राहिलेल्या घराचं लिहिलंस ते डोक्यातून जात नाही. कोण राहतं रे तिथे, वाघ की अस्वल? ऐक. मी मेट्रन होते तेव्हा वाईट बातमी सांगायला कधी नर्सला पाठवलं नाही, आणि चिठ्ठी तर कधीच नाही. जायचं, शेजारी बसायचं, हात धरायचा आणि सांगून टाकायचं. माणूस रडतं, चिडतं, आपल्यालाच बोलतं. आपण उठायचं नाही. लोकांना वाटतं, बातमीने माणूस मोडतो. तसं नसतं. बातमी सांगणारा पाठ फिरवून निघून जातो, त्याने मोडतो.

तेव्हा जा त्या घरी. उद्याच जा. आणि काय झालं ते मला लिही.

तुझी
ताई


१६ मार्च
रजिस्टर्ड पोस्टाने

प्रति,
घरमालक, घड्याळ दुरुस्ती दुकानाच्या वरील व मागील घर

विषय : सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण दूर करणेबाबत.

उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या मिळकतीच्या दर्शनी बाजूच्या तीन पायऱ्या सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीत येत असल्याचे मोजणीअंती निष्पन्न झाले आहे. सबब, सदर पायऱ्या आपण मुदतीत स्वखर्चाने काढून घ्याव्यात. अन्यथा पालिकेतर्फे त्या काढण्यात येतील. याबाबत आपली काही हरकत असल्यास ती सुनावणीपूर्वी लेखी स्वरूपात सादर करावी. कळावे.

(सही)
विधी अधिकारी, नगरपालिका


२४ मार्च

प्रति,
विधी अधिकारी, नगरपालिका

महाशय,

आपली नोटीस पोचली. पोस्टमनने सही घेतली. मी चष्मा लावून तीनदा वाचली. तिन्ही वेळा सही तीच होती.

माझी हरकत आहे. ती मी लेखी स्वरूपात सादर करीन. सुनावणीला मी येणार नाही, गुडघे चालत नाहीत. माझ्या वतीने माझा भाडेकरू ती वाचून दाखवील.

टिल्लू नावाचा माझा एक भाऊ आपल्या ऑफिसात काम करतो असं ऐकते. भेटला तर सांगावं, पलंग आला आहे. दुकानदार परत घेत नाही.

घरमालक


२ एप्रिल

ताई,

तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. 'महाशय' वाचलं आणि तसाच लिहायला बसलो.

सरळ सांगतो. गल्ली रुंद करायची आहे, ॲम्ब्युलन्स जाईल एवढी. सगळ्यांच्या पायऱ्या जाणार, तुझ्याही. पहिल्या पत्रापासून मला तेवढंच लिहायचं होतं. दुसरं काही नव्हतं. तू राहायला येण्याचं समजलीस, खोली रिकामी करायला घेतलीस, आणि मग भावोजींचं लिहिलंस, ते दोघांनी तिथे बसण्याचं. आता त्यावर कुठल्या तोंडाने लिहू, की त्या पायऱ्या मी पाडणार आहे? म्हटलं, रजा काढून जातो, समोर बसून सांगतो. तिकीटही काढायला गेलो होतो. खिडकीपर्यंत रांगेत उभा राहिलो आणि माझा नंबर आल्यावर बाजूला झालो. पुढच्या आठवड्यात, म्हटलं. मग कामाची तारीख ठरली, सगळ्या नोटिसा एकदम निघायच्या ठरल्या. मुख्याधिकारीबाईंनी विचारलं, त्या शेवटच्या घराचं झालं ना? मी मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नुसती हलली, ते माझं मलाही सांगता येणार नाही. आणि सही केली.

लोकांना सांगे ब्रह्मज्ञान! गावभर सगळ्यांच्या दारात बसून आलो. चोर म्हणणाऱ्या बाईंच्या दारात बसलो. तुझ्या दारात यायला मात्र पाय उचलला नाही. वाटलं, तू रडशील. दुसऱ्याचं रडणं मला चालतं, ताई. तुझं चालत नाही. आई गेल्यावर तू मला एकदाही रडून दाखवलं नाहीस, सगळं पोटात घातलंस. मग आता या वयात मी तुला रडवायचं?

तुला हरकत घ्यायची तर जरूर घे, तो तुझा हक्क आहे. मी आड येणार नाही. पण मला एक ओळ लिही. पलंगाबद्दल लिही, काहीही लिही.

टिल्लू


२१ एप्रिल

ताई,

तुझी ओळ आली नाही. तरी लिहितो, कारण काल सुनावणी झाली आणि तू ती पाहायला हवी होतीस.

हॉल भरला होता. गल्ली सगळी हजर. शिंपीकाका पुढच्या रांगेत, त्याच खुर्चीत बसून. घरून घेऊन आले होते. घड्याळजी तुझी हरकत वाचायला उभा राहिला तो डोळ्याला भिंग तसंच लावून. घाबरला होता बिचारा. मला वाटलं, तू पायऱ्यांचं लिहिलं असशील, भावोजींचं लिहिलं असशील. मी मनाची तयारी करून बसलो होतो.

आणि तो वाचायला लागला, 'पायऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या रस्त्यात आहेत की नाहीत ते मोजणाऱ्याने मोजावं. मी एवढंच विचारते, माझ्या घरी कोण आलं होतं?'

संपलं. तेवढंच. घड्याळजीने कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का म्हणून.

मुख्याधिकारीबाई माझ्याकडे वळल्या. 'वकीलसाहेब, भेट कोणी दिली होती?' मी म्हणालो, कुणीच नाही. बांधकाम खात्याचे इंजिनिअर लगेच उठले. म्हणाले, मालकीणबाई परगावी राहतात, इतक्या लांब कोण जाणार, भाडेकरूला तोंडी सांगितलंच होतं, तेवढं पुरे. बाजू तशी वाईट नव्हती. मीच ती मांडली असती, आणि कदाचित जिंकलोही असतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, नियमात 'घरमालकासमोर' असं आहे. भाडेकरूसमोर असं नाही. अंतराचंही काही लिहिलेलं नाही. नियम मी लिहिलाय, मला माहीत आहे. भेट झालेली नाही, सबब नोटीस रद्द करावी.

'तुम्ही पालिकेचे वकील आहात ना?' बाईंनी विचारलं. मी म्हणालो, हो. 'मग पालिकेच्या विरुद्ध बोलताय?' म्हणालो, नाही, पालिकेच्या नियमाच्या बाजूने बोलतोय. त्या हसल्या, आणि नोटीस रद्द केली. हॉलमध्ये टाळ्या! शिंपीकाकांनी तर शिट्टी वाजवली. आजवर इतक्या केसेस लढलो, पण एवढा साफ हरलो नव्हतो. तेही स्वतःच्या बहिणीकडून, स्वतःच्याच नियमाने. बाहेर पडल्यावर त्या चोर म्हणणाऱ्या बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, 'तुमची बहीण तुमच्यापेक्षा बरी वकील आहे हो.' मी म्हटलं, ती मेट्रन आहे. म्हणाल्या, 'तरीच.'

पण आता पेच झालाय, तो लपवत नाही. बाकीची घरं म्हणतात, आधी वकिलाच्या बहिणीचं, मग आमचं. त्यांचं चुकत नाही. म्हणजे गल्ली आहे तशीच. शिंपीकाकांना डॉक्टरांनी सांगितलंय, पुन्हा दुखलं तर वेळ घालवायचा नाही. ते हसून सांगतात, 'माझी खुर्ची तयार आहे.' मला हसू येत नाही.

मुख्याधिकारीबाईंनी मला केबिनमध्ये बोलावून रजेचा अर्ज पुढे केला. त्यांनीच भरला होता. म्हणाल्या, फक्त सही करा, आणि मान हलवू नका. मी पुढच्या शुक्रवारच्या गाडीने निघतोय. तू दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर बाहेर बसेन.

तुझा
टिल्लू


२६ एप्रिल
(पोस्टकार्ड)

गाडी सकाळी पोचते. स्टेशनवर घ्यायला येणार नाही. पत्ता ठाऊक असेलच, नोटिशीच्या पाकिटावर बिनचूक लिहिला होतास.

ताई


११ मे

प्रिय टिल्लू,

खूप खूप आशीर्वाद. नीट पोचलास ना?

तू गेल्यापासून घर मोठं झालंय. मागच्या खोलीत दोनदा जाऊन आले, उगाचच. पलंग कुरकुरतो तो तुझ्यामुळे, दुकानदाराचा दोष नाही.

आता खरं सांगते. तू येणार म्हणून मी भांडणाची जय्यत तयारी केली होती. काय काय बोलायचं ते आंघोळ करताना, भाजी चिरताना म्हणून बघत होते. शेजारीण म्हणाली, कुणाशी बोलताय? म्हटलं, पालिकेशी! आणि दारात तू उभा. केस पांढरे झालेत रे तुझे, सगळे. ते मला कुणी लिहिलंच नव्हतं. तू समोर बसलास, फाइल मांडीवर घेतलीस, 'ताई, असं आहे,' म्हणालास, आणि पुढे तुझ्याच्याने बोलवेना. गावाला समजावणारा वकील, लहान पोरासारखा रडायला लागलास. मी तुझा हात धरला आणि बसून राहिले. तुला वाटत होतं मी रडेन. मग मीही रडले, तुझ्याबरोबर, आणि मला काही झालं नाही. उलट बरं वाटलं.

त्यानंतर किती दिवस राहिलास, पण पायऱ्यांचा शब्द काढला नाहीस. नळ दुरुस्त केलास तो जास्त गळायला लागला. मैदानावर जाऊन दोन्हीकडच्या पोरांच्या शिव्या खाऊन आलास. दुपारी घोरत पडायचास, आणि मी पुढच्या खोलीत ते ऐकत बसायचे. घरात कुणाचं तरी घोरणं ऐकू आलं की किती आधार वाटतो, ते विसरूनच गेले होते मी. गाडी सुटताना आठवलं तुला. खिडकीतून ओरडलास, 'ताई, नोटिशीचं राहिलंच!' मी हात हलवला. मनात म्हटलं, राहू दे.

फाइल तू टेबलावरच विसरून गेलास. मी उघडून वाचली, नकाशा पाहिला. अरे, स्ट्रेचर वळवायला किती जागा लागते ते मला शिकवायचं का? जन्म गेला त्यात. पहिल्याच पत्रात एका ओळीत विचारलं असतंस, तर एका ओळीत हो म्हटलं असतं. पायऱ्या यांनी बांधल्या हे खरं. त्या जाताना मला त्रास होणार, हेही खरं, खूप होणार. पण शिंपीकाकांना खुर्चीत घालून नेताना यांनी पाहिलं असतं, तर त्याच संध्याकाळी स्वतः पहार घेऊन उभे राहिले असते. मला भांडण पायऱ्यांचं नव्हतंच, टिल्लू. तू सगळ्यांकडे जातोस आणि माझ्याकडे कागद पाठवतोस, एवढंच माझं भांडण होतं. ते मिटलं.

घड्याळजीला लिहिलंय, पाडताना समोर उभा राहा, आणि घरात जायला लाकडी पायरी करून घे, आतल्या बाजूने. सगळ्यांच्या आधी आपलं पाडायला सांग. मग बघू कोण अडतं ते.

फाइलमध्ये घरमालकाने भरायचा कागद होता. भरून सोबत पाठवतेय. पायऱ्या काढायला संमती आहे का? लिहिलं, आहे. काम काय आहे ते समजलं का? लिहिलं, समजलं, माझं मी वाचून. शेवटचा प्रश्न होता, पालिकेतर्फे कोणी आपल्या घरी येऊन समोर बसलं होतं का?

तिथे थांबले. केसपेपरवर मी आयुष्यात कधी खोटं लिहिलं नाही, आता या वयात कुठे सुरुवात करू? तुमच्या मुख्याधिकारीबाईंना त्याचं काय करायचं ते करू देत. मी खरं तेच लिहिलंय :

'पालिकेतर्फे कोणी आलं नव्हतं. माझा भाऊ आला होता.'

तुझी
ताई